नवीन असेंबल्ड पीसीला डीव्हीडी ड्राइव्ह घेताय? मग आधी घरातल्या डिस्क बाहेर काढा

मागच्या दिवाळीत मी घरीच पीसी असेंबल केला. प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यायचं की नंतर, यावर दोन महिने वाचलं, चार जणांना विचारलं, आणि पीसी पहिल्या झटक्यात चालू पण झाला. यादीत एकच गोष्ट नव्हती, डीव्हीडी ड्राइव्ह. दुकानदार म्हणाला आता सीडी कोण वापरतं, मला पण ते पटलं. मग महिन्याभराने आईने कपाटावरचा बुटांचा खोका खाली काढला. त्यात आमच्या लग्नाच्या चार डीव्हीडी, नाटकांच्या व्हीसीडी, बाबांच्या एमआरआयची सीडी, जुन्या हँडीकॅमच्या छोट्या डिस्क, आणि अगदी तळाशी एक साधी सीडी जिच्यावर बाबांच्या अक्षरात निळ्या मार्करने लिहिलं होतं, "अण्णा, कीर्तन, दत्तजयंती २००३". अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांचा आवाज घरात दुसऱ्या कशातच नाहीये.

तिथून पुढे मला दोनदा सामान परत करावं लागलं आणि शेवटी कॅबिनेट बदलावं लागलं. तुम्ही पीसीची यादी करायच्या टप्प्यावर असाल तर हे आत्ताच वाचून घ्या, नंतर करायला गेलं की डबल खर्च होतो.

१. पहिल्यांदा डिस्क टेबलावर मांडा

ड्राइव्ह कोणता हे दुकानात नाही ठरत, घरातल्या खोक्यावर ठरतं. सगळ्या डिस्क काढा आणि ढीग करा. साधारण हे प्रकार निघतील:

- ऑडिओ सीडी आणि डेटा सीडी, ७०० एमबीपर्यंत. कुठलाही ड्राइव्ह वाचतो.
- व्हीसीडी. एका सिनेमाच्या किंवा नाटकाच्या दोन-तीन डिस्क असतात त्या. या पण सीडीच आहेत, आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट फाइल असते.
- डीव्हीडी. एका लेयरची ४.७ जीबी, दोन लेयरची ८.५ जीबी. विंडोजमध्ये ४.७ च्या जागी ४.३७ दिसतं, तो मोजायच्या पद्धतीतला फरक आहे, डिस्क खराब नाहीये.
- ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडी, हँडीकॅमच्या.
- ब्लू-रे, २५ किंवा ५० जीबीच्या. आपल्याकडे फार कमी घरात असतात.
- हॉस्पिटलच्या सीडी. एमआरआय, सीटी स्कॅन.

ढिगात ब्लू-रे एकही नसेल तर निम्मा निर्णय झाला, तुम्हाला डीव्हीडी रायटर, म्हणजे डिस्क वाचणारा आणि लिहिणारा पण ड्राइव्ह, पुरतो. आणि छोट्या डिस्क असतील तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, स्लॉटमध्ये सरकवायचा ड्राइव्ह घेऊ नका. ट्रेवाला घ्या. ट्रेच्या मधे छोट्या डिस्कसाठी एक खोलगट गोल असतो, तिथे ती नीट बसते. स्लॉटवाल्यात ती आत अडकू शकते.

छोट्या डिस्कचं अजून एक. हँडीकॅमवर रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क "फायनलाइज" करावी लागायची, म्हणजे दुसऱ्या यंत्रात वाचता येईल अशी बंद करावी लागायची, आणि बऱ्याच जणांनी ती केलेलीच नसते. अशी डिस्क पीसीत टाकली की रिकामी दिसते किंवा वाचलीच जात नाही, आणि माणूस म्हणतो डिस्क गेली. टाकून देऊ नका! जुना हँडीकॅम चालू होत असेल तर त्याच्यातच टाकून मेनूमधून फायनलाइज करा. आमच्या तीनपैकी दोन डिस्क अशा वाचल्या, त्यात मुलाच्या बारशाची एक होती.

२. इंटरनल की एक्स्टर्नल

वर्षातून दोनदा एमआरआयची सीडी बघायची असेल तर यूएसबीचा बारीक एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या आणि पुढचं बरंचसं सोडून द्या. पण ५०-१०० डिस्क कॉपी करायच्या असतील, त्यातल्या जुन्या आणि ओरखडे पडलेल्या असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की कॅबिनेटमध्ये बसणारा मोठा इंटरनल ड्राइव्ह घ्या. तो डीव्हीडी १६एक्सपर्यंत वाचतो, बारीक ड्राइव्ह साधारण ८एक्सपर्यंत. एक्स म्हणजे काय तर डीव्हीडीला १एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी, म्हणजे १६एक्सला २२ एमबी. एका डिस्कला फरक कळत नाही, पन्नासाव्या डिस्कला कळतो. शिवाय मोठ्या ड्राइव्हचा ट्रे आणि मोटर मजबूत असते, तासन्‌तास चालवला तरी त्रास देत नाही.

एक्स्टर्नलमध्ये फसायची जागा म्हणजे पॉवर. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० वाला ९००. डिस्क फिरायला सुरुवात होते तेव्हा ड्राइव्ह एकदम जास्त करंट ओढतो, आणि समोरच्या पॅनलचा पोर्ट किंवा साधा हब तेवढा देत नाही. मी पहिला जो एक्स्टर्नल मागवला तो टिक-टिक आवाज करायचा, डिस्क दिसायची, नाहीशी व्हायची, परत दिसायची. आठवडाभर मी डिस्कलाच दोष देत होतो. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावला तेव्हा थोडा बरा चालला, पण डिस्क लिहिताना परत तेच, म्हणून परत केला. तुम्ही घेणार असाल तर एलजी किंवा असूस अशा ओळखीच्या कंपनीचाच घ्या, मागच्या पोर्टला लावा आणि लांबलचक एक्स्टेन्शन केबल जोडू नका.

दुसरी फसगत, जुन्या पीसीतला मोठा ड्राइव्ह काढून सॅटा (पीसीच्या आत ड्राइव्ह जोडायचं कनेक्शन) ते यूएसबी केबलने जोडायचा विचार. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कसाठी मिळते ती केबल फक्त ५ व्होल्ट देते. मोठ्या ड्राइव्हला ५ आणि १२ दोन्ही लागतात. वेगळा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर येतो अशी केबल किंवा केस असेल तरच तो चालतो.

३. कॅबिनेट: सगळं इथेच अडतं

मोठा इंटरनल ड्राइव्ह ज्या खणात बसतो त्याला सव्वापाच इंचाचा बे म्हणतात. पूर्वी प्रत्येक कॅबिनेटला समोर दोन-तीन असायचे. आता समोर काच किंवा जाळी, तिच्या मागे तीन पंखे, आणि बे गायब. माझं पहिलं कॅबिनेट असंच होतं. दिसायला सुंदर, पण ड्राइव्ह ठेवायला जागाच नाही, आणि हे ड्राइव्ह घरी आल्यावर कळलं.

म्हणून कॅबिनेट घेताना फोटोवर जाऊ नका, स्पेसिफिकेशनमध्ये ड्राइव्ह बे लिहिलेली ओळ शोधा. तिथे ५.२५ च्या पुढे शून्य असेल तर पुढे बघायची गरज नाही. नवीन कॅबिनेटमध्ये पण पर्याय आहेत, फ्रॅक्टल डिझाइनच्या पॉप एअरमध्ये खालच्या बाजूला झाकणाआड बे दिलाय, त्यांच्याच डिफाइन ७ मध्ये पण आहे. ऑफिस टाइप साध्या कॅबिनेटमध्ये अजूनही सर्रास मिळतो आणि ती स्वस्त असतात. मी शेवटी तसलंच साधं घेतलं.

घ्यायच्या आधी टेप घेऊन मोजा. ड्राइव्हची लांबी साधारण १७ सेंटिमीटर, आणि मागे केबल वळायला अजून तीन-चार सेंटिमीटर धरा. वरच्या बाजूला प्रोसेसर थंड करायचा रेडिएटर लावणार असाल किंवा ग्राफिक्स कार्ड लांब असेल तर बेच्या मागे काय येतंय ते बघाच. काही कॅबिनेटमध्ये बे आहे पण रेडिएटर लावला की तो वापरता येत नाही, आणि हे बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं असतं.

ज्या छोट्या कॅबिनेटमध्ये लॅपटॉपसारखा बारीक ड्राइव्ह बसतो तिथे जाडी बघा, ९.५ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटर असे दोन प्रकार आहेत, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. त्यांचं पॉवरचं कनेक्टर पण छोटं असतं, मोठ्या ड्राइव्हची १५ पिनची पॉवर केबल त्याला लागत नाही.

४. मदरबोर्ड आणि एसएमपीएस

ड्राइव्हला दोन केबल लागतात. सॅटा डेटा केबल मदरबोर्डला आणि सॅटा पॉवर केबल एसएमपीएसला, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायला.

मदरबोर्डवर सॅटा पोर्ट मोजा. स्वस्तातल्या बोर्डवर चार असतात, आणि काही बोर्डवर विशिष्ट एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावली की एखादा सॅटा पोर्ट आपोआप बंद होतो. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण. ड्राइव्ह बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) दिसत नाही, केबल बदलून झाली, ड्राइव्ह बदलून झाला, आणि शेवटी कळतं पोर्टच बंद होता. दुसऱ्या पोर्टला लावा, पाच मिनिटांचं काम.

सॅटाचा स्पीड ३ गिगाबिट की ६ यावर वेळ घालवू नका. सगळ्यात जुन्या सॅटाला सुद्धा सेकंदाला १५० एमबीची वाट आहे आणि २४एक्सने डीव्हीडी लिहिताना ३३ एमबीच्या आसपासच लागतात.

काकांकडे किंवा मित्राकडे २००५-०६ चा ड्राइव्ह पडलाय म्हणून आणणार असाल तर मागे बघा. रुंद, ४० पिनांची जागा असेल तर तो आयडीई या जुन्या जोडणीचा आहे आणि नव्या मदरबोर्डवर ते पोर्टच नसतात. फुकट मिळाला तरी आणू नका.

आणि ही एक गोष्ट गंभीरपणे घ्या: मॉड्युलर एसएमपीएस असेल, म्हणजे केबल सुट्या निघतात असा, तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल त्याला लावू नका. टोक बसतं, पण आतल्या पिनांची जुळणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. चुकीच्या पिनवर चुकीचा व्होल्टेज गेला की ड्राइव्ह जळतो, आणि त्याच केबलवर हार्ड डिस्क असेल तर ती पण जाते, डेटासकट.

५. डीव्हीडी रायटर की ब्लू-रे रायटर

डीव्हीडी रायटर सीडी आणि डीव्हीडी दोन्ही वाचतो, लिहितो. ब्लू-रे रायटर हे सगळं करून ब्लू-रे पण, कारण त्यात वेगवेगळे लेसर असतात: सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीला ६५० चा, ब्लू-रेला ४०५ चा. म्हणून ब्लू-रेच्या डिस्क डीव्हीडी ड्राइव्हमध्ये कधीच चालणार नाहीत, कुठलंही सॉफ्टवेअर टाका. ब्लू-रे रायटर कितीतरी पट महाग असतो.

ब्लू-रे रायटर कोणी घ्यावा? ज्याला फोटो आणि व्हिडिओचा बॅकअप डिस्कवर ठेवायचाय त्याने विचार करावा. एका डिस्कवर २५ जीबी, बीडीएक्सएलवर १०० जीबी. एम-डिस्क म्हणून जास्त टिकणाऱ्या डिस्क येतात, त्या लिहायच्या असतील तर ड्राइव्हवर एम-डिस्कचा लोगो बघून घ्या. पण कोऱ्या डिस्क मिळणं दिवसेंदिवस कठीण होतंय हे धरून चाला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. आपल्याकडे ज्यांच्या सीडी-डीव्हीडी घरोघरी होत्या ती मोझर बेअर तर २०१८ मध्येच लिक्विडेशनमध्ये गेली.

नवीन पीसीवर ४के ब्लू-रे सिनेमे बघायचे म्हणून कोणी ड्राइव्ह घेत असेल तर थांबा. ते अधिकृतपणे चालवायला इंटेल प्रोसेसरमधलं एसजीएक्स नावाचं फीचर लागायचं आणि डेस्कटॉपच्या ११व्या जनरेशनपासून इंटेलने ते काढून टाकलं. एएमडीमध्ये ते नव्हतंच. सिनेमे बघायचे तर टीव्हीला जोडायचा वेगळा प्लेयर बरा.

बाकी सगळ्यांनी, म्हणजे दहातल्या नऊ घरांनी, एलजीचा जीएच२४ सिरीजचा किंवा असूसचा २४एक्स डीव्हीडी रायटर घ्यावा आणि पुढे जावं. या दोघांत मी तरी फार फरक बघितला नाही, जो सीलबंद आणि बिलासकट मिळेल तो घ्या.

६. विकत घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, इथे अजून मिळतात, पण सगळ्या दुकानात नाही, आधी फोन करून जा. सोबत हे ठेवा:

- कॅबिनेटचा आणि मदरबोर्डचा मॉडेल नंबर, शक्यतो समोरच्या बाजूचा फोटो
- मोकळ्या सॅटा पोर्टची संख्या
- घरातल्या दोन-तीन डिस्क, एक व्हीसीडी, एक डीव्हीडी आणि एक जरा खराब झालेली

या डिस्क दुकानातच लावून बघायला सांगा, बहुतेक जण लावून दाखवतात. जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीला अर्थ नाही. सॅटा डेटा केबल खोक्यात आहे का विचारा. ओईएम म्हणजे साध्या पिशवीतल्या ड्राइव्हसोबत ती नसते, आणि स्क्रू पण नसतात. वापरलेला ड्राइव्ह मी घेणार नाही, कारण लेसर किती झिजलाय हे बाहेरून कळायचा काही मार्ग नाही.

७. बसवणं

लागतील त्या वस्तू: स्टार स्क्रू ड्रायव्हर, चार बारीक एम३ स्क्रू, सॅटा डेटा केबल. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्याचे असतात, ते ड्राइव्हला जबरदस्तीने पिळू नका, आटे जातात.

वीज बंद, प्लग काढलेला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरचं स्टॅटिक घालवा. समोरचं पॅनल काढा, बेचं झाकण आतून ढकललं की निघतं. बऱ्याच कॅबिनेटमध्ये ड्राइव्ह समोरून आत सरकवायचा असतो, मागून जात नाही. समोरची कड पॅनलच्या पातळीला आणा, दोन्ही बाजूंनी दोन-दोन स्क्रू, आधी हलके मग घट्ट. पॅनल बसवून ट्रे हाताने पूर्ण बाहेर येतोय का बघा: समोर एक बारीक भोक असतं, त्यात पेपर क्लिपची सरळ केलेली तार घातली की ट्रे वीज नसतानाही उघडतो. हे भोक लक्षात ठेवा, डिस्क अडकली की हेच कामाला येतं.

८. विंडोज आणि सॉफ्टवेअर

ड्राइव्हला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण डीव्हीडीवरचा सिनेमा विंडोज ८ पासून आपोआप चालत नाही, त्यासाठी व्हीएलसी टाका, फुकट आहे, व्हीसीडी पण त्यातच चालते. डिस्क लिहायला इमजीबर्न, ऑडिओ सीडी नीट उतरवायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, लिनक्सवाल्यांना के३बी.

विंडोज इन्स्टॉल करायला डीव्हीडी लागेल म्हणून ड्राइव्ह घेत असाल तर नको. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीच्या वर आहे, साध्या डीव्हीडीत मावतच नाही, पेनड्राइव्ह वापरा.

रीजनचं एक सांभाळा. सिनेमाच्या डीव्हीडी जगाच्या ठरावीक भागांसाठी बनवतात, त्या भागाला रीजन म्हणतात. भारत डीव्हीडीच्या रीजन ५ मध्ये येतो, अमेरिका १ मध्ये. न्यू जर्सीहून ताईने डीव्हीडी आणली, लावली, विंडोजने विचारलं रीजन बदलू का, आणि आपण हो म्हटलं, असं पाचदाच करता येतं. पाचव्यांदा जो रीजन असेल तो ड्राइव्हमध्ये कायमचा बसतो, विंडोज नवीन टाकलं तरी बदलत नाही. घरच्या शूटिंगच्या डिस्कला हे लागू नाही.

९. पहिल्या दिवशी कुठली डिस्क लावायची

नव्या ड्राइव्हमध्ये पहिल्यांदा चांगली डिस्क लावून खात्री करा. मग सगळ्यात जुनी आणि घरी लिहिलेली, कंपनीत छापलेली नव्हे. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, तो वर्षानुवर्षं उन्हाने, दमटपणाने खराब होतो, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत तर वरचा चंदेरी थर कडेने सुटायला लागतो. डिस्क उजेडासमोर धरा, आरपार टाचणीएवढी भोकं दिसली तर ती आजच कॉपी करा.

पुसायची तर मऊ सुती कपड्याने, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका, कारण डेटा गोल रेषेत असतो आणि तसा ओरखडा आला की सलग बराच भाग जातो.

कॉपी करताना "सायक्लिक रिडंडन्सी चेक" अशी एरर आली तर घाबरू नका आणि विंडोजमधून पुन्हा पुन्हा कॉपी-पेस्ट पण करू नका. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे, तो आधी वाचता येणारं सगळं उचलतो, मग अवघड जागांवर परत परत जातो, आणि कुठे थांबला ते लिहून ठेवतो. म्हणजे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून राहिलेलं पूर्ण करता येतं. एक ड्राइव्ह जे वाचत नाही ते दुसरा वाचतो, हे खरंच होतं. ऑडिओ सीडीला मात्र डीडीरेस्क्यू चालत नाही, तिथे एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच.

लग्नाच्या डीव्हीडीतला व्हिडिओ_टीएस हा फोल्डर अख्खा उचला, आतल्या एकट्या व्हीओबी फाइल नाही. एका फाइलची मर्यादा १ जीबी असल्याने शूटिंग तुकड्यात असतं, एखादा तुकडा राहिला की सप्तपदी मधेच संपते. एमआरआयची सीडी पण अख्खी कॉपी करा, त्यातला डायकॉमडीआयआर नावाची फाइल वगळली तर दुसऱ्या डॉक्टरांकडच्या सॉफ्टवेअरला फोटोंचा क्रम लागत नाही.

अण्णांच्या कीर्तनाची सीडी ऑडिओ सीडी होती, कॅसेटवरून उतरवलेली. ट्रे आत गेला, ड्राइव्ह घुमला, हळू झाला, परत घुमला. पहिले तीन ट्रॅक सरळ आले. चौथ्याला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने चाळीस मिनिटं घेतली, एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचत, आणि ड्राइव्हचा आवाज अगदी दमलेल्या माणसासारखा येत होता. आई शेजारी मोड्यावर बसून होती. चौथा ट्रॅक लावला तर आधी पेटीचा सूर, मग कोणीतरी खोकलं, आणि मग अण्णा म्हणाले, "माउली, जरा पुढे सरकून बसा, मागे बायका उभ्या आहेत."

शेवटच्या ट्रॅकमधले बारा सेकंद काही आले नाहीत. ती सीडी मी उभी, कव्हरमध्ये, कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलीये. एका मित्राकडे वेगळ्या कंपनीचा ड्राइव्ह आहे, पुढच्या रविवारी त्याच्यात लावून बघणार आहे.